बायपासनंतर घरी आराम? कसला आराम!

ह्यांची बायपास आषाढात झाली. भेटणारे लोक ऑपरेशनबद्दल खूप विचारतात, किती तास चाललं, कोणी केलं, किती खर्च आला वगैरे, पण खरं सांगू का, ऑपरेशनच्या दिवशी घरच्यांना काहीच करायचं नसतं, बाहेर खुर्चीत बसून राहायचं आणि चहा प्यायचा. करायचं असतं ते घरी आणल्यावर. आणि घरी आणल्यावर जो येईल तो एकच सांगतो, आता नुसता आराम करू दे त्यांना, जागचं हलू देऊ नकोस. मी डिस्चार्ज पेपर उलटसुलट वाचला, त्यात पडून राहा असं कुठेही नव्हतं. उलट चालणं वाढवा, श्वासाचा व्यायाम करा, जिना हळूहळू चढा, असंच सगळं. तर पुढचे दोन महिने माझं अर्धं भांडण ह्यांच्याशी झालं आणि अर्धं ह्या आराम सांगणाऱ्यांशी.

आधी नेमकं काय केलं होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय घरी कशाला जपायचं तेच कळत नाही. हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या तीन ठिकाणी बंद. त्यातल्या एकीला छातीच्या आतलीच एक धमनी वळवून जोडली आणि बाकी दोघींसाठी डाव्या पायातली नस काढून वापरली. त्यासाठी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात, त्या तारा आयुष्यभर आतच राहतात. म्हणजे हृदयाचं काम झालेलं असतं, घरी येतं ते एक मोडलेलं हाड आणि एक चिरलेला पाय. हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे. त्याला प्लास्टर घालता येत नाही, दर श्वासाला ते हलणारच, म्हणून सगळं पथ्य त्या हाडाभोवती फिरतं.

डिस्चार्जचा दिवस म्हणजे एक वेगळीच परीक्षा. सकाळी राउंडला डॉक्टर म्हणाले आज घरी, ह्यांनी लगेच शर्ट घालून घेतला, आणि निघालो संध्याकाळी दिवे लागल्यावर. कॅशलेस होतं, म्हणजे बिल विमा कंपनी परस्पर हॉस्पिटलला भरते. विमा नियामकाचा २०२४ पासून नियम आहे की हॉस्पिटलकडून बिल गेल्यावर तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची, उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जास्त पैसे लावले तर तो भार कंपनीने सोसायचा. मुलीने काउंटरवर जाऊन हे शांतपणे सांगितलं तेव्हा कळलं की बिल अजून गेलंच नव्हतं, न वापरलेली औषधं फार्मसीला परत करायची राहिली होती, त्यासाठी अडकलं होतं. म्हणून सांगते, राउंड झाल्या झाल्या बिलिंगला जाऊन फाइल कुठे आहे ते विचारा, मंजुरी आली का हे नंतर विचारा.

आम्ही राहतो ठाण्यात, नौपाड्यात, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा वर्षानुवर्षं चालू आहेत, त्याबद्दल बोलायला बसले तर हा लेख दुसराच होईल. खाली गाडी थांबली तेव्हा सोसायटीतली चार पोरं प्लास्टिकची खुर्ची घेऊन तयार, काका बसा, आम्ही उचलून नेतो. त्यांची माया खरी, पण हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्टने आदल्या दिवशी ह्यांच्याकडून जिना चढवून घेतला होता आणि मला बजावलं होतं की खुर्चीतून उचलताना तोल गेला तर माणूस पटकन हाताने आधार धरतो आणि तोच झटका हाडाला बसतो. मग पोरांना सांगितलं, प्रत्येक वळणावर एकेक स्टूल ठेवा. हे एक पायरी, दोन्ही पाय, परत एक पायरी, असं करत वर आले. कठड्याला हात फक्त टेकवायचा, ओढायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून आधी आरती ओवाळायला ताट आणलं आणि मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मी नवऱ्याला चालवत आणून गुन्हा केला.

घरात तयारी फार नव्हती केली. हॉस्पिटलचा वरखाली होणारा बेड भाड्याने मिळतो, आम्ही चौकशीही केली, पण आमच्या खोलीत तो आला असता तर आम्ही बाहेर गेलो असतो. मग आहे त्याच पलंगाच्या पायांखाली विटा घातल्या. का, तर उठताना हाताने जोर द्यायचा नाही. बसण्याची जागा गुडघ्यापेक्षा उंच असली की माणूस हात छातीशी धरून, पुढे झुकून, नुसत्या पायांच्या जोरावर उठू शकतो. झोपलेलं असेल तर आधी सगळं अंग एकदम कुशीला वळवायचं, पाय खाली सोडायचे, आणि मग मागून पाठीला आधार द्यायचा. काखेत हात घालून उचलायचं नाही, कधीच नाही. हे मी इतक्यांदा सांगितलं तरी माझी नणंद डोंबिवलीहून आली आणि पहिलं काय केलं तर दादा ऊठ म्हणत दोन्ही हात धरून ओढायला निघाली. मी ओरडलेच. ती दोन दिवस बोलली नाही, न बोलो, हाड महत्त्वाचं. कमोडला वर बसवायची उंच सीट मात्र घेतली, ती घ्याच.

बाकी सामान म्हणजे एक उशी. छोटी, घट्ट. खोकला आला, शिंक आली, हसू आलं की ती दोन्ही हातांनी छातीवर दाबून धरायची. शिंक सगळ्यात वाईट, ह्यांचा चेहरा पांढरा पडायचा. पण खोकलायला तर लागतंच, छातीत कफ साचला की न्यूमोनिया. त्यासाठी ते तीन चेंडूंचं यंत्र देतात, स्पायरोमीटर, त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. गंमत म्हणजे बघायला येणारा प्रत्येक माणूस त्यात फुंकायला बघतो. फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, हळू, आणि चेंडू वर धरून ठेवायचा. ह्यांचा पहिले काही दिवस एकच चेंडू वर जायचा. तिसरा वर गेला त्या दिवशी वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळवून झालं.

दुखतं कुठे म्हणाल तर छातीपेक्षा पाय. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जिथून नस काढली तो पाय घोट्याशी सुजायचा, बसताना स्टुलावर वर ठेवायचा, आणि दिवसा ते घट्ट लांब मोजे. ते मोजे चढवणं हाच माझा व्यायाम. आधी आतून उलटे करायचे, टाच बसवायची, मग वर सरकवत न्यायचे, सुरकुती राहिली की तिथेच काचतं. छातीच्या डाव्या बाजूला बधिरपणा आणि मधेच मुंग्या, ह्याने हे फार घाबरायचे, परत अॅटॅक आला की काय. डॉक्टर म्हणाले आतली धमनी काढताना तिथल्या संवेदनेच्या बारीक नसा दुखावतात, महिनोन्महिने राहील, काळजीचं नाही. काळजीचं काय ते त्यांनी वेगळं लिहून दिलं, आम्ही ते फ्रिजवर चिकटवलं. ताप १००.४ च्या वर, टाक्यांतून पू किंवा पाणी, कड लाल आणि गरम होणं, श्वास घेताना हाड कटकट वाजणं, धाप, छाती अनियमित फडफडणं, आणि वजन एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढणं. वजनाचं ऐकून मला आश्चर्य वाटलं, पण ते वजन खाण्याचं नसतं, अंगात पाणी साठल्याचं असतं. पायाच्या जखमेतून एकदा थोडं पाणी आलं, फोटो पाठवला, त्यांनी बोलावून ड्रेसिंग केलं, सुकलं. जखमेला काय लावायचं तर काही नाही. साधं पाणी, सौम्य साबण, टिपून कोरडं. हळद नाही, खोबरेल नाही, पावडर नाही, आणि कोकणातून आलेलं ते हिरवं तेल तर नाहीच.

हे सगळं जमतं हो. आठवड्याभरात हात बसतो. जे जमत नाही ते रात्री.

हे आयुष्यभर डाव्या कुशीवर झोपलेला माणूस, आता उताणं झोपायचं. रात्री दोन-तीनला जाग, अंग घामाने भिजलेलं, गंजी बदलायची, मग झोप नाही. आयसीयूमधलं ते टुक टुक कानात वाजतंय म्हणायचे. भयंकर स्वप्नं. आणि दिवसा चिडचिड. चहा गार का, पंखा हळू का, मी का फोन घेतला, मोठ्याने का बोलतेस, हळू का बोलतेस. मुलगी बंगळूरहून येऊन इथूनच काम करत होती, तिच्या मीटिंगचा आवाज झाला की दार आपटायचे, म्हणजे आपटता येत नव्हतं म्हणून उशी फेकायचे. हा माणूस बँकेत पस्तीसेक वर्षं काउंटरवर लोकांच्या शिव्या खाऊन आवाज न चढवणारा. एक दिवस टीव्हीवर कुठलीशी जाहिरात लागली होती, आजोबा नातवाला सायकल शिकवतात वगैरे, आणि हे हुंदके देऊन रडायला लागले. मी घाबरले. फॉलोअपला डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं तर ते म्हणाले बायपासनंतर बऱ्याच जणांचं होतं, विसरायला होणं, लक्ष न लागणं, रडू येणं, हळूहळू ओसरतं, पण काही आठवड्यांनी कमी झालं नाही तर सांगा, त्यालाही औषध असतं. हे त्यांनी ह्यांच्यासमोर परत एकदा सांगितलं ते फार बरं झालं. घरी येताना हे गाडीत म्हणाले, म्हणजे मी वेडा नाही झालोय तर.

रात्रीसाठी नर्सिंग ब्युरोतून एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, ठेवून बघितला. मुलगा चांगला होता पण मोबाईलच्या उजेडात खोली उजळायची, आणि ह्यांना त्याच्याकडून लघवीचं भांडं घ्यायला लाज वाटायची म्हणून हे मलाच उठवायचे. मग दोघं जागे आणि ब्रदर झोपलेला. बंद केलं.

त्यापेक्षा उपयोगी पडली ती वही. डॉक्टरांनी बीपी, नाडी, वजन, साखर रोज लिहायला सांगितलेलं, मी कॅलेंडरवर खरडत होते. ते हे बघत होते पडल्या पडल्या आणि एक दिवस म्हणाले, हे काय लिहिणं आहे, ऑडिटर आला तर काय दाखवशील. त्यांना लांब वही आणून दिली, फूटपट्टीने रकाने आखले, तारीख, वेळ, नाडी, वजन, कोणती गोळी, सही. सही! कोणाची म्हणून विचारलं तर म्हणाले, ज्याने गोळी दिली त्याची. मग मुलगी आणि मी रोज सह्या करायचो. पण बघा ना, त्या वहीमुळेच कळलं की नाडी तीन दिवस पन्नासच्या आसपास येतेय आणि उठल्यावर गरगरतंय. फोन केला, हृदयाचा वेग कमी करणारी जी गोळी असते ती डॉक्टरांनी अर्धी केली. आपल्या मनाने एकही गोळी कमीजास्त करायची नाही हे खरं, पण आकडे हातात असले की फोनवर दोन मिनिटांत काम होतं, नाहीतर आपण नुसतं सांगणार, जरा बरं वाटत नाहीये.

माझ्या लक्षात यायला लागलं की जे जे मी त्यांच्या हातून काढून घेत होते त्यानेच ते जास्त चिडत होते. मग एकेक परत दिलं. दाढी स्वतः करा, आरशासमोर बसून, कोपर अंगाजवळ ठेवून. शेंगा सोला. भाजी निवडा. दुधाचा हिशोब तुम्ही ठेवा. सासूबाई म्हणाल्या, अगं आजारी माणसाला मटार काय सोलायला देतेस. मी म्हटलं, आई, तो आजारी नाहीये आता, दुरुस्त होतोय.

जेवणाचं वेगळंच. तोंडाला चव नाही, सगळं कडू लागतं, पितळेसारखं, हे काही आठवडे राहतं म्हणे. आणि नेमकं तेव्हाच हाड आणि जखम भरून यायला प्रथिनं हवीत. आम्ही मासे खाणारे, पण गटारीला ह्यांच्यासमोर पेज होती आणि मग श्रावण लागला. डायटीशियनने कागदावर लिहिलेलं, अंड्याचा पांढरा भाग, मासा वाफवून. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात श्रावणात अंडं म्हणजे विषयच संपला. दोन दिवस घरात शांतता. तिसऱ्या दिवशी त्यांनीच जुनी इंडक्शनची शेगडी काढून गॅलरीत ठेवली, वेगळं पातेलं, आणि म्हणाल्या, औषध गॅलरीत उकड. मुगाचं सूप, पनीर, दही हे बाकी चालूच. मीठ कमी, म्हणजे भाजीत कमी घालून पापड लोणचं वाढायचं असं नाही, ते डबे आणणाऱ्यांना पटवता पटवता नाकीनऊ आले. आणि हो, बद्धकोष्ठ. कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. दुखण्याच्या गोळ्या, लोहाची गोळी, कमी हालचाल, सगळ्याने पोट बांधलं जातं आणि जोर तर करायचा नाही. इसबगोल, पपई, आणि डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी औषध लिहून घ्या, चौथ्या दिवसाची वाट बघू नका.

भेटायला येणारे. पावसाळा, निम्मं ठाणं सर्दी खोकल्याने बेजार, आणि यायचं तर सगळ्यांना. मी दारावर कागद लावला, संध्याकाळी ६ ते ७, सर्दी असल्यास फोन करावा. काहींना राग आला. पण आलेला माणूस बसला की हमखास सांगणार, आमच्या अमक्याची पण बायपास झाली होती, छान होता, चालत होता आणि एकदम… मग माझ्याकडे बघून गप्प. हे मात्र पाहुण्यांना एकच गोष्ट ऐकवायचे, मोबाईलवर वाचलेली, की पायाची नस वापरून बायपास करण्याची रीत १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला रेने फावालोरो नावाच्या अर्जेंटिनाच्या डॉक्टरने रुळवली. त्या फावालोरोचं नाव आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे.

चालणं सुरुवातीला घरातच, हॉल ते गॅलरी, पाच पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मग बिल्डिंगचा पॅसेज. मग दिवसातून एकदा खाली उतरून वर. चालताना वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, धाप लागून तुटलं तर वेग जास्त, एवढी साधी खूण. ह्यांना स्वतःला खात्री नव्हती, छातीवर हात ठेवूनच चालायचे, खांदे पुढे पाडून. फिजिओ म्हणाली तसं चाललात तर पाठ धरेल, ताठ. दहीहंडीच्या दिवशी सकाळपासून चौकात स्पीकरच्या भिंती, खिडक्या बंद करूनही तावदानं थरथरत होती आणि हे म्हणतात, छातीत धडधडतंय ते माझं की डीजेचं ते बघ जरा. नाडी बघितली, ७२. डीजेचं. मग गॅलरीत उभे राहून गोविंदांचे ट्रक बघत राहिले, बराच वेळ, बसायचं नाव नाही. मी काही बोलले नाही.

पाऊस उघडल्यावर कचराळी तलाव. तिथला ट्रॅक सपाट, बसायला बाक, पडलं झडलं तर माणसं आजूबाजूला. पण तिथवर जायचं कसं, रिक्षा आणि ठाण्याचे खड्डे म्हणजे ताज्या हाडाला शिक्षा. टॅक्सी, मागची सीट, पट्टा आणि छाती यांच्यात ती उशी. पहिल्या दिवशी तलावाची अर्धी फेरी. तिथले रोजचे लोक ओळखीचे झाले, त्यातल्या दोघांच्या छातीवर तशीच उभी रेघ निघाली, आणि मी घरी महिनाभर जे सांगत होते ते त्या दोघांनी सांगितल्यावर ह्यांना एका सकाळीत पटलं. असो.

मी पण रोज संध्याकाळी तासभर बाहेर पडायचे, मुलगी असायची तेव्हा. तलावपाळीला एक फेरी, कधी नुसती भाजी. कोणीतरी म्हणालंच, नवरा असा आणि ही फिरते. म्हणू दे. माझी कंबर गेली असती तर मोजे कोणी घातले असते? बायकांनो, एक तास घ्याच, आणि विचारून घेऊ नका, सांगून घ्या.

सहा आठवड्यांच्या तपासणीला एक्स-रे ठीक, हाड जुळतंय. गाडी चालवायला हरकत नाही म्हणाले पण स्कूटर अजून नाही, ब्रेक दाबताना, ढकलताना झटका बसतो, तीन महिन्यांनी बघू. स्कूटरची चावी तेव्हापासून सासूबाईंच्या बटव्यात आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र कायमची, ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला असं नाही, पायाची नस तर छातीतल्या धमनीपेक्षा लवकर खराब होते, म्हणून साखर आणि बीपी सांभाळायचंच.

गणपतीला मूर्ती आणायला दरवर्षी हेच डोक्यावर टोपी घालून जातात. यंदा दोन-तीन किलोच्या वर उचलायचं नाही, आमची मूर्ती पाटासकट त्याच्या कितीतरी वर. मुलीने उचलली. हे पुढे चालत झांज वाजवत होते, झांजेचं वजन घरी काट्यावर करून मगच नेली होती.

आता राहिलंय ते बिलांचं. डिस्चार्जनंतरची औषधं, तपासण्या, फिजिओ, आमच्या पॉलिसीत साठ दिवसांपर्यंत परत मिळतात, पण प्रिस्क्रिप्शन, मूळ बिल आणि रिपोर्ट एकत्र लागतो. ते काम ह्यांनी घेतलंय. काल रात्री परत चिडले होते, मेडिकलवाल्याने एका बिलावर नाव चुकीचं टाकलंय म्हणून, उद्या स्वतः जाऊन बदलून आणणार आहेत, चालत.